प्रकल्प नोंदी: तक्ता क्रमांक तीन, इटलीचे फुटबॉल विजेते १८९८ ते १९१०

२ जून

तालमीच्या वाचनालयातल्या भिंतीसाठी तिसरा तक्ता आजपासून. पहिला इंग्लंडचा आणि दुसरा आपल्याकडचा, दोन्ही लागले. इटली घ्यायचं कारण साधं आहे: आमची पोरं रात्री जागून मिलान आणि युव्हेंटसचे सामने बघतात आणि सकाळी कट्ट्यावर भांडतात. भांडायचंच तर मुळापासून भांडा.

आकार सहा फूट बाय चार. चार रकाने: वर्ष, विजेता, शहर, एका ओळीची टीप. १८९८ ते १९१० म्हणजे तेरा ओळी. भाचीनं एक्सेल उघडून दिलं. "मामा, एका संध्याकाळचं काम आहे," म्हणाली.

पहिली ओळ भरली. ८ मे १८९८, तुरीन. अख्खी राष्ट्रीय स्पर्धा एका दिवसात उरकली. संघ चार, त्यातले तीन तुरीनचेच, आणि कप नेला चौथ्यानं, जेनोआनं. अंतिम सामन्यात जादा वेळेत इंटरनाझियोनाले तोरीनोवर २–१. आमच्या गल्लीतल्या स्पर्धासुद्धा आठवडाभर चालतात.

५ जून

नावं. पहिल्या दोन तक्त्यांत हा त्रास नव्हता. इटालियनमध्ये त्या शहराला जेनोव्हा म्हणतात, पण क्लबचं नाव जेनोआ, म्हणजे इंग्रजांच्या तोंडचं. शहर मिलानो, क्लब मिलान, तेही इंग्रजांचंच. दोन्ही ठिकाणी संस्थापक परके, त्यामुळे पाटीवर त्यांचीच भाषा. जेनोआ क्लब १८९३ साली इंग्रजांनी काढला. इटालियन माणसाला तिथे सभासद व्हायचं तर १८९७ उजाडावं लागलं, आणि दार उघडणारा होता जेम्स स्पेन्स्ली हा इंग्रज डॉक्टर. तोच गोलकीपर, तोच सूत्रधार. मिलान १८९९ च्या डिसेंबरात निघाला. त्यातला मुख्य माणूस हर्बर्ट किल्पिन, नॉटिंगहॅमचा, कापडधंद्यातला. दोन्ही क्लबांच्या नावात क्रिकेटही होतं. क्रिकेट इटलीत रुजलं नाही, हे त्यांचं नशीब म्हणायचं की दुर्दैव, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

युव्हेंटस तेवढा शाळकरी पोरांनी काढलेला, १८९७ साली, तुरीनला. पण त्यांचे काळे-पांढरे पट्टेसुद्धा नॉटिंगहॅमहूनच आले, नॉट्स काउंटीचे. आधी ते गुलाबी शर्टात खेळायचे.

ठरवलं: क्लबाचं नाव क्लब जसं लिहितो तसं, शहराचं नाव इटालियन माणूस म्हणतो तसं. तुरीनला अपवाद. तोरीनो हा वेगळा क्लबच आहे, दोन्ही एकत्र आले की पोरं गोंधळतील.

८ जून

भराभर झालं. १८९९, १९०० जेनोआ. १९०१ मिलान. १९०२, ०३, ०४ पुन्हा जेनोआ. १९०५ युव्हेंटस. १९०६, १९०७ मिलान. दहा ओळी झाल्या. चहा मागवला.

अकराव्या ओळीला अडलो.

१९०८ च्या विजेत्याच्या रकान्यात दोन नावं येतायत, प्रो व्हेर्चेल्ली आणि युव्हेंटस. आधी वाटलं कुठेतरी चूक आहे. चूक नाही. त्या वर्षी इटलीच्या फुटबॉल संघटनेनं एकाच हंगामात दोन स्पर्धा भरवल्या. एक सगळ्यांना खुली, तिला 'फेडरल' अजिंक्यपद म्हणत. दुसरी फक्त इटालियन खेळाडूंसाठी, ती 'इटालियन' अजिंक्यपद. इटलीचा विजेता हा किताब दुसऱ्या स्पर्धेला. खुली जिंकली युव्हेंटसनं, देशी जिंकली प्रो व्हेर्चेल्लीनं.

भाचीला दाखवलं. तिनं विचारलं, "मग खरा चॅम्पियन कोण?" म्हटलं, थांब जरा.

११ जून

नियम आला कुठून, यावर तीन संध्याकाळी घालवल्या.

सोपी गोष्ट अशी सांगता येईल की इटालियन लोक परक्यांच्या विजयाला कंटाळले. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. खरी फूट दोन प्रकारच्या संस्थांमध्ये होती. एकीकडे जेनोआ, मिलान, तोरीनो: व्यापारी, कारखानदार, बँकवाले, परदेशी कारकून आणि त्यांचे इटालियन मित्र. दुसरीकडे व्यायामशाळा. इटालियन शहरांत तेव्हा जिम्नॅस्टिक संस्थांचं पेव फुटलं होतं. देश १८६१ साली एक झालेला, पोरांची शरीरं कमवायची, कवायत करायची, देशासाठी तयार व्हायचं. या वाक्यात तालमीतल्या माणसाला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

या व्यायामवाल्यांनीही फुटबॉल उचलला होता. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १८९६ सालीच त्रेव्हीजोच्या मेळाव्यात फुटबॉलचे सामने घेतले, म्हणजे जेनोआच्या पहिल्या कपाच्याही दोन वर्षं आधी. पण ते आजच्या कुठल्याही विजेत्यांच्या यादीत नाहीत. माझ्याही तक्त्यात नव्हते. टिपेत घेतो.

१९०७ च्या शरद ऋतूत संघटनेत या बाजूचं पारडं जड झालं आणि ठराव आला. जेनोव्हाची आंद्रेआ दोरिया, मिलानोची उनिओने स्पोर्तिव्हा मिलानेझे आणि प्रो व्हेर्चेल्ली, तिन्ही संघ इटालियन पोरांचे. दोरिया तर जिम्नॅस्टिक संस्थाच, सोळाव्या शतकातल्या आरमारप्रमुखाचं नाव लावणारी. एकाच जेनोव्हात एका क्लबाच्या पाटीवर इंग्रजी नाव आणि दुसऱ्याच्या पाटीवर जुना सेनापती. तंटा पाटीवरच वाचता येतो.

संघटनेचं नावही त्याच सुमारास बदललं. १८९८ साली ती 'फुटबॉल'ची संघटना होती, १९०९ मध्ये ती 'काल्चो'ची झाली. काल्चो म्हणजे लाथ. फ्लोरेन्समध्ये काही शतकांपूर्वी या नावाचा एक दांडगा चेंडूखेळ होता, त्याचं नाव उसनं घेतलं. म्हणजे खेळाडू देशी पाहिजेत आणि शब्दही देशी पाहिजे. खेळाडूंचा नियम फार टिकला नाही. शब्द आजतागायत आहे.

१४ जून

ज्यांनी खेळायला नकार दिला त्यांची बाजू.

मिलान लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. तोरीनो जेमतेम वर्षाचा. तो निघाला ३ डिसेंबर १९०६ ला. युव्हेंटसचा अध्यक्ष आल्फ्रेड डिक, स्विस कारखानदार, सभासदांशी बिनसल्यावर काही खेळाडू घेऊन बाहेर पडला आणि तुरीनच्या एका बिअर हॉलमध्ये दुसऱ्या क्लबाशी जोडून नवा क्लब केला. त्या संघातून स्विस माणसं काढली तर मैदानात उतरायला कोण उरणार? जेनोआचंही तेच. तिन्ही क्लबांनी १९०८ च्या दोन्ही स्पर्धांतून अंग काढून घेतलं. आम्हाला खुल्या स्पर्धेत खेळू देता पण देशाचा किताब देत नाही, मग कशाला यायचं?

मला हे रास्त वाटतं. हे परके कुणी भाड्यानं आणलेले नव्हते. पगारी खेळाडू हा प्रकारच नव्हता. दहा-दहा वर्षं त्याच शहरात राहून धंदा करणारी, तिथेच घर केलेली माणसं. दुसऱ्या तक्त्यावर आपण मुंबईचा रोव्हर्स कप लिहिलाय: १८९१ पासून गोऱ्या पलटणींचा, आणि पहिला भारतीय विजेता बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली. तिथे परके राज्य करायला आलेले. इटलीतले परके सूत विकायला आलेले. दोन्हींना एकच 'परदेशी' हा शब्द लावताना हात अडखळतो.

रात्री कट्ट्यावर हे बोललो तर गाडी लगेच आमच्या लीगमधल्या आफ्रिकी खेळाडूंवर गेली. एक म्हणे ते आले म्हणून खेळ सुधारला. दुसरा म्हणे आमच्या पेठेतल्या पोरानं मग बसायचं कुठं. अकरा वाजता उठलो. १९०७ च्या मिलानोत याहून वेगळं काही बोलले असतील असं वाटत नाही.

१७ जून

चांदीचा चेंडू सापडला! तक्त्यात घालायला जागा नाही, पण इथे लिहून ठेवतो.

जेनोआचा एक स्विस खेळाडू, आंरी दाप्पल्स. त्यानं १९०३ मध्ये खऱ्या मापाचा चांदीचा चेंडू करून दिला. नियम कुस्तीच्या गदेसारखा: ज्याच्याकडे चेंडू, त्याला कुणीही आव्हान द्यायचं, जिंकला तर चेंडू त्याचा. गटवारी नाही, गुणतक्ता नाही. बहिष्कारवाल्यांना संघटनेच्या स्पर्धेविना खेळायला हे कारण पुरेसं होतं. देशी स्पर्धेला वेगळा करंडक होता, सायकलपटू रोमोलो बूनी याच्या नावाचा. फुटबॉलच्या बक्षिसाला सायकलवाल्याचं नाव, हे त्या काळाचं चित्र आहे. सगळे सगळंच करायचे.

२१ जून

आज फक्त व्हेर्चेल्ली. या नोंदीला लांबी लागणार, कारण माझं मन तिथेच अडकलंय.

पिएमोंतेमधलं, तुरीन आणि मिलानो यांच्या मधलं भाताचं गाव. नुसतं भात पिकतं असं नाही, युरोपातल्या सर्वांत मोठ्या भातपट्ट्याचं केंद्र. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेतांत पाणी भरलेलं, आणि गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणाऱ्या बाया, 'मोंदीने'. आजऱ्याच्या माणसाला हे दाखवावं आणि इटली म्हणून सांगावं, तो विश्वास ठेवणार नाही.

संस्था निघाली १८९२ साली, जिम्नॅस्टिक आणि तलवारबाजीसाठी. नावातला 'प्रो' म्हणजे 'साठी'. व्हेर्चेल्लीसाठी, बस्स. फुटबॉल आला १९०३ मध्ये आणि त्यात पुढाकार मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तलवारबाजाचा. हा गडी पुढे डॉक्टर झाला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीचं सांघिक रौप्य, नंतर १९२४ आणि १९२८ मध्ये सांघिक सुवर्ण. म्हणजे ज्या वर्षी त्याचा क्लब देशी स्पर्धा जिंकून इटलीचा विजेता झाला, त्याच वर्षी तो लंडनला पदक घेत होता.

पांढरे शर्ट. सगळी पोरं तिथलीच. मधल्या फळीत ग्वीदो आरा, ज्युझेप्पे मिलानो, पिएत्रो लेओने. हा मिलानो आडनावाचा, मिलानोचा नव्हे. त्याचा भाऊ फेलीचेही संघात, त्यामुळे इटालियन पद्धतीनं मिलानो पहिला, मिलानो दुसरा. भाची म्हणाली, "मामा, हे तक्त्यावर नको, मिलानविरुद्ध मिलानो वाचून लोक वेडे होतील." मान्य.

महत्त्वाचं हे की व्हेर्चेल्लीला देशी नियमाची गरजच नव्हती. त्यांच्याकडे परका खेळाडू नव्हता, म्हणून कुणाला काढावं लागलं नाही. आणि परक्यांशी खेळायला ते घाबरतही नव्हते. हे पुढच्या वर्षी दिसलं.

व्यायामशाळेतून आल्यामुळे ही पोरं पळायची जास्त, थकायची कमी. १९०८ ते १९२२ मध्ये सात किताब. मोठ्या शहराची पैशाची ताकद आल्यावर मागे पडले, तरी सिल्व्हियो पिओला तिथेच घडला आणि आज मैदानाला त्याचंच नाव आहे.

२४ जून

१९०९. बाराव्या ओळीनं अकरावीपेक्षा जास्त छळलं.

पुन्हा दोन स्पर्धा. पण या वेळी मोठे क्लब घरी बसले नाहीत, खुल्या स्पर्धेत उतरले. १० जानेवारीला मिलाननं आपल्यातूनच फुटलेल्या इंटरला ३–२ हरवलं तो सामना याच स्पर्धेतला. देशी स्पर्धेतला जीव निघून गेला. खुली स्पर्धा कुणी जिंकली? प्रो व्हेर्चेल्लीनं. अंतिम फेरीत मिलानेझेला मागे टाकून. म्हणजे एकही परका न घेता, परक्यांना खुल्या असलेल्या स्पर्धेत, देशी संघ पहिला. आणि देशी स्पर्धा? ती युव्हेंटसनं.

आता दोन वर्षं शेजारी ठेवली:

१९०८: देशी व्हेर्चेल्ली, खुली युव्हेंटस.
१९०९: देशी युव्हेंटस, खुली व्हेर्चेल्ली.

आजच्या अधिकृत यादीत दोन्ही वर्षं व्हेर्चेल्लीच्या नावावर. म्हणजे १९०८ ला देशी स्पर्धा धरली आणि १९०९ ला खुली. युव्हेंटसचे दोन्ही कप हिशेबाबाहेर. एका वर्षी एक फूटपट्टी, दुसऱ्या वर्षी दुसरी. १९०९ ची देशी स्पर्धा भरवताना इटलीचा किताब तिलाच आहे असंच संघटनेचं म्हणणं होतं. पण क्लबांनी ज्या स्पर्धेत जीव ओतला तीच खरी ठरली आणि यादी मागाहून तशी झाली.

युव्हेंटसच्या आमच्या चाहत्यांना अजून सांगितलेलं नाही. तक्ता लागल्यावर कळू दे.

२८ जून

इंटर. तेराव्या ओळीतला विजेता, पण त्याचा जन्म अकराव्या ओळीतला.

९ मार्च १९०८, मिलानोतलं 'लोरोलोज्यो' नावाचं रेस्टॉरंट, म्हणजे घड्याळ. मिलान क्लबातले चाळीसेक सभासद फुटून तिथे जमले. कारण परक्या खेळाडूंना घेण्यावरून क्लबात पडलेली फूट. नव्या क्लबाचं नाव त्यांनी मुद्दाम ठेवलं: इंटरनाझियोनाले. ज्योर्ज्यो मुज्जानी या चित्रकारानं चिन्ह काढलं. पहिला कप्तान मार्क्टल, स्विस. तालीम फुटून दुसरं मंडळ निघणं हे आम्हाला नवं नाही, पण भांडणाचं कारणच मंडळाच्या नावात कायमचं कोरून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघतोय.

त्यांचा मिलानशी पहिला सामना १८ ऑक्टोबर १९०८ ला झाला तोही इटलीत नव्हे, सीमेपलीकडे स्विस गाव क्यासोत. मिलान २–१.

१९१० ला संघटनेनं दोन स्पर्धांचा नाद सोडला. एकच स्पर्धा, नऊ संघ, परके चालतात. इंटर आणि व्हेर्चेल्ली बरोबरीत संपले. निर्णायक सामना २४ एप्रिलला ठेवला. व्हेर्चेल्लीचे काही खेळाडू त्या दिवशी लष्करी स्पर्धेत अडकले होते, त्यांनी तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. मग त्यांनी निषेध म्हणून लहान पोरांचा संघ उतरवला. निकाल १०–३. ती तीन कुणी मारली ते शोधत बसलो नाही, पण त्या पोरांनी आयुष्यभर सांगितली असतील.

शिक्षा म्हणून व्हेर्चेल्लीवर बंदी आली. १५ मे १९१० ला मिलानोच्या आरेना मैदानावर इटलीचा पहिला राष्ट्रीय सामना झाला, फ्रान्सवर ६–२, आणि त्यात देशातल्या सगळ्यांत देशी क्लबाचा एकही खेळाडू नव्हता. १ मे १९१३ ला बेल्जियमविरुद्ध मात्र अकरांत नऊ व्हेर्चेल्लीचे.

४ जुलै

पाऊस लागलाय. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. वाचनालयाच्या भिंतीला ओल आलीय का ते बघून आलो. वरचा कोपरा सोडून ठीक.

तक्त्याची रचना बदलावी लागणार. भाचीचं म्हणणं: 'एक वर्ष, एक विजेता' हे आपण गृहीत धरलं तिथेच चुकलं. तिनं नवा रकाना घातला, 'स्पर्धा'. आता तेरा वर्षांच्या पंधरा ओळी. मी म्हणालो, कंसात टीप देऊन भागव. ती म्हणाली, "मामा, टीप कोण वाचतं? तुम्ही तरी वाचता का औषधाच्या बाटलीवरची?" गप्प बसलो.

अधिकृत यादीत धरलेल्या ओळीला पिवळा ठिपका. ठिपका, ढाल नाही. विजेत्याच्या शर्टावरची तिरंगी ढाल, म्हणजे ज्याला आज सगळे स्कुडेट्टो म्हणतात, ती १९२४ साली जेनोआनं पहिल्यांदा लावली. १९०८ च्या ओळीत ढाल काढणं म्हणजे शिवकालीन चित्रात मनगटी घड्याळ काढण्यासारखं.

७ जुलै

खाली एक पट्टी उरली, तीत 'पुढे काय झालं' घातलं. पाच वाक्यांत:

मिलानेझे १९२८ मध्ये इंटरमध्ये विलीन झाली, आणि फॅसिस्ट राजवटीला 'आंतरराष्ट्रीय' हे नाव खपत नव्हतं म्हणून त्या जोड क्लबाचं नाव आंब्रोझियाना झालं. दोरिया पुढे साम्पिएर्दारेनेझेशी जोडली जाऊन १९४६ मध्ये साम्पदोरिया झाली. परक्यांवर बंदी पुन्हा आली, १९२६ च्या व्हियारेज्जोच्या सनदेनं. आणि तिसऱ्यांदा १९६६ मध्ये, विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर. ते दार १९८० मध्ये उघडलं.

पहिल्या वाक्यावर थांबून हसू आलं. परके नकोत म्हणणाऱ्यांच्या बाजूची मिलानेझे, परक्यांसाठी निघालेल्या इंटरच्या पोटात.

१० जुलै

फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवली. नावं दोनदा तपासली. पहिल्या प्रतीत 'व्हेर्चेल्ली'चं एका जागी 'व्हेर्सेल्ली' झालं होतं, भाचीनं पकडलं.

११ जुलै

दुपारी फ्लेक्सवाल्याचा फोन.

"काका, १९०८ ला दोन ओळी पडल्यात. चुकून डबल झालंय वाटतं. एक काढू का?"

"काढू नको."

"१९०९ ला पण तसंच आहे."

"तेही राहू दे."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "बरं, पण पिवळा ठिपका एकाला वर आणि एकाला खाली आलाय, तो तरी सरळ करू?"